गेटवर घेतलेली शपथ

माझं नाव काशिराम. राहणार उलवे, म्हणजे टॉवर उगवायच्या आधीपासूनचं उलवे. खडी-रेतीच्या चार गाड्या आहेत माझ्या, आणि चारही ड्रायव्हर म्हणतात की शेठचा फोन कानाला लावायची गरज नाही, हातभर लांब धरला तरी ऐकू येतो. पण आता जे सांगतोय ते मी आजवर मोठ्यानं फार वेळा बोललेलो नाही. दमयंतीबाय कोळी म्हणून एक बाई आहेत, त्यांच्याबद्दल सांगायचंय. त्यांचं चांगलं सांगायला माझं काय जातंय? पण त्यांचं सांगायला घेतलं की माझं खोटं मध्ये येतंच. त्याला इलाज नाही.

दमयंतीबाय गव्हाणच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. वय पन्नाशीच्या आसपास. नवरा बळीराम, त्याची होडी होती. खाडीत भराव पडत गेला तशी मासळी आटत गेली. आधी दमयंतीबाय टोपली घेऊन पनवेलच्या बाजारात बसायच्या. टोपलीत टाकायलाच काही उरलं नाही तेव्हा पनवेलच्या बाहेर एका खासगी मनोरुग्णालयात मावशी म्हणून लागल्या. त्याला बारा वर्षं झाली. पेशंटला आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या, आणि मधूनमधून मार खायचा. हे शेवटचं काम नेमणुकीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

मला कुठे माहीत होतं? आपलं माणूस आत सोडलं, सही केली, की आपण सुटलो. आत त्याला भात कोण भरवतं, आणि भरवता भरवता तिला काय लागतं, हे कोण विचारतंय. दमयंतीबायच्या उजव्या हातावर चावल्याचा वण आहे. एका कानाची पाळी फाटून शिवलेली आहे, एका पेशंटनं कुडी ओढली होती तेव्हाची. त्या दिवसापासून त्यांनी कानात काही घातलं नाही. कोळणीचे कान रिकामे म्हटल्यावर वाड्यातल्या बायका विचारणारच. तर सांगायच्या, सोनं टोचतं आता. वॉर्डातल्या नव्या पोरी पहिला फटका खाऊन रडायला लागल्या की त्यांना म्हणायच्या, "मी तर मासळी बाजारात जागेच्या भांडणात याच्यापेक्षा जास्त खाल्लाय गो." घरी मात्र सांगायच्या, लादीवर घसरले. परक्या पुरुषाचा हात अंगावर पडला, हे नवऱ्याला, सुनेला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या वॉर्डातली प्रत्येक बाई घरी लादीवरच घसरायची म्हणे.

आणि त्यांची एक सवय होती. नवा पेशंट आला की त्याची पिशवी घ्यायला त्या स्वतः गेटवर यायच्या, आणि नातेवाइकाला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारायच्या. घरी याला काय नावानं हाक मारता? खायला काय आवडतं? आणि हा कोणावर हात टाकतो का, कशानं बिथरतो? डॉक्टर विचारतात ते वेगळं, फॉर्मवर लिहितात ते वेगळं. कागदावर कोणी खरं लिहीत नाही, हे त्यांना बारा वर्षांत पक्कं कळलं होतं.

आता माझं सांगतो.

परेश माझा मोठा मुलगा, सव्वीस वर्षांचा. बी.कॉम. केलं, माझ्या ऑफिसात बसायला लागला, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला कानात कोणीतरी बोलतंय असं व्हायला लागलं. डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी शहाण्यानं त्याला भगताकडे नेलं. भगतानं त्याला एका खोलीत घातलं, दार लावलं आणि आत मिरच्यांची धुरी दिली. बाहेरून कडी मी धरली होती. पोरगा आतून "बाबा, बाबा" करत दार बडवत होता आणि मी कडी सोडली नाही, कारण भगत म्हणाला होता की मध्येच सोडलीत तर लागलेलं निघणार नाही. काय निघालं ते निघालं. पण तेव्हापासून परेश आत असताना कोणी दार लावलं की तो परेश राहत नाही. एकदा त्याची आई चंद्रावती मासे तळत होती. मांजर येऊ नये म्हणून तिनं स्वयंपाकघराचं दार लोटलं. परेश आत पाणी पीत होता. त्यानं तिला ओट्यावर आपटलं आणि तिचं मनगट मोडलं. गावात आम्ही सांगितलं, गच्चीत शेवाळावरून पाय घसरला. त्या दिवसानंतर तो ज्या खोलीत असेल तिचं दार आमच्या घरात कोणी लावत नाही.

त्यातच मनस्वीची, म्हणजे माझ्या मुलीची, सोयरीक जमत आली होती. बेलपाड्याचं घर, माणसं चांगली. परेशबद्दल त्यांना एवढंच सांगितलेलं की पोराला टेन्शन आहे, गोळ्या चालू आहेत. पोरगा मारतो असं त्यांच्या कानावर गेलं असतं तर बोलणी तिथेच थांबली असती, निदान मला तशी खात्री होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तेव्हाच परेशचं इतकं वाढलं की त्याला भरती करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

फॉर्मवर एक रकाना होता. पूर्वी कोणावर हल्ला केला आहे का? मी लिहिलं, नाही. डॉक्टरांनी तोंडी विचारलं. म्हटलं, नाही. चंद्रावती शेजारीच बसली होती. तिचं मनगट अजून वाकडंच आहे. तिनं हळूच त्याच्यावर पदर ओढून घेतला. नवरा-बायकोचं असं एकमत आमच्यात फार कमी वेळा झालंय.

मग बाहेर आलो तर गेटजवळ दमयंतीबाय. पिशवी हातात घेतली आणि विचारलं, "दादा, तुमी कुठले?"

"उलव्याचे. आगरी."

"मंग आपलेच की. घरी काय म्हणता याला?"

"परेशच म्हणतो आमी."

"खायला?"

"कोलंबीचं कालवण असलं तर भात मोजत नाय," चंद्रावती म्हणाली.

त्या हसल्या. म्हणाल्या, इथे कोलंबी कुठली, डाळच मिळेल. मग मला चार पावलं बाजूला घेतलं. "दादा, फॉर्मवर काय लिवलं ते मी विचारत नाय. माझ्याकडनं ही गोष्ट पुढं जानार नाय. मला याच्यासोबत आत जायचं असतं, म्हणून विचारते. घरात कोणावर हात टाकलाय का यानं? कशानं बिथरतो?"

बाईच्या नजरेत ना चौकशी होती ना संशय. मी म्हणालो असतो, "बाय, फक्त दार लावू नका," तर चार शब्दांत काम झालं असतं. पण मला वाटलं, ही कोळीण, बाजारात बसणाऱ्यांतली, हिच्या तोंडून गोष्ट आज गव्हाणला, उद्या बेलपाड्याला. बघा माझी लायकी. ती माझ्या पोराला सांभाळायला निघालेली, आणि मी तिच्या जिभेवर संशय घेत होतो.

म्हटलं, "एकवीरा आईची शपथ, बाय. गरीब गाय हाय माझा पोर. मुंगीला मारनार नाय."

शपथ कोणी मागितली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या आगरी-कोळ्यांत माणूस पोलिसाला खोटं सांगेल, कोर्टात सांगेल, बायकोला तर रोज सांगेल. पण आईचं नाव घेऊन खोटं बोलत नाही. वर्षातून एकदा कार्ल्याचा डोंगर चढतो तो उगाच नाही. दमयंतीबायनं आईचं नाव ऐकलं, दोन बोटं कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "मंग झालं." बाकीच्या चौकशीची त्यांना गरजच वाटली नाही.

तिथला नियम असा की नव्या पेशंटकडे पहिले आठ दिवस दोघांनी जायचं, आणि आत गेलं की दार लावून घ्यायचं, म्हणजे दुसरा पेशंट आत घुसत नाही. पहिले दोन दिवस परेश इंजेक्शनच्या गुंगीतच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी जीवन नावाचा अटेंडंट त्यांच्याबरोबर जाणार होता, पण शेजारच्या खोलीत गडबड झाली म्हणून तो तिकडे अडकला. दमयंतीबाय त्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे, मी जाते. त्याच्या बापानं आईची शपथ घेतलीय." वरणभाताचं ताट घेऊन एकट्या आत गेल्या आणि नियमाप्रमाणे पाठीमागे दार लावलं.

दोन मिनिटांचा खेळ. जीवननं दार उघडलं तेव्हा त्या भिंतीशी पडल्या होत्या. गालाचं हाड मोडलेलं, डाव्या डोळ्यातून रक्त. परेश त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो दार बडवत होता.

मला फोन आला तेव्हा आम्ही साखरपुड्याचा हॉल बघत होतो. खरं सांगू, माझ्या मनात पहिलं काय आलं? बाई जगली का, हे नाही आलं. बेलपाड्याला कळलं का, हे आलं. हे मी चंद्रावतीलाही सांगितलेलं नाही.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात चौकशी लागली. टेबलाच्या एका बाजूला मोठे डॉक्टर आणि मेट्रन मॅडम, दुसऱ्या बाजूला मी, समोर दमयंतीबाय. अर्ध्या तोंडाला पट्टी. जबडा नीट उघडत नव्हता, म्हणून बोलणं अडखळत. मॅडमनी विचारलं, "मावशी, तुम्ही त्याला काही बोललात का? हात लावलात? ओरडलात?" मार खाल्लेल्या बाईला पहिला प्रश्न हा. मला राग आला, खरंच आला. पण रागवायचा हक्क माझा होता का, तर नव्हता, म्हणून टेबलाच्या काचेकडे बघत बसलो.

"एकट्या का गेलात?" डॉक्टर म्हणाले.

"यांनी शपथ घेतली व्हती. आईची. पोरगा गरीब हाय म्हनून."

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "मावशी, शपथेवर वॉर्ड चालतो का?" मग फॉर्म उलटून माझ्याकडे वळले. "तुम्ही इथं 'नाही' लिहिलंय. यापूर्वी घरात असं कधी झालं होतं?"

इथे मला संधी होती. समोर माझ्या खोट्यानं अर्धं तोंड मोडलेली बाई बसलेली होती. साखरपुडा पाच दिवसांवर होता. मी म्हणालो, "नाही साहेब. शपथ घेतली ती खरीच घेतली."

दमयंतीबाय माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिल्या. मला वाटलं, आता ही बाई उठून माझ्या थोबाडीत देणार. द्यायला हवी होती. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "मंग माझंच काहीतरी चुकलं असंल."

त्यांना आईच्या शपथेवर शंका घेणं जमलं नाही. त्यापेक्षा स्वतःवर घेणं सोपं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी डोळ्यांनी बघितली, आणि चोर तिथे इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. निकाल लागला, की नियम मोडून एकट्या गेल्या, पेशंटला बहुधा डिवचलं गेलं असावं. पुढचं कळवेपर्यंत कामावर येऊ नका.

साखरपुडा थाटात झाला. लोक म्हणाले, काशिरामशेठ आज गप्प गप्प. मी म्हटलं, पोर निघाली ना. हेही खोटंच.

पाचव्या आठवड्यात परेशला भेटायला गेलो. नवीन औषध लागू पडत होतं. पोरगा ओळखीचा दिसायला लागला होता, बोटं थरथरत होती एवढंच. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "बाबा, त्या मावशी येत नाहीत आता. मी त्यांना मारलं ना?"

"आजार होता तो. तू नाय मारलंस."

"तुमी त्यांना दाराचं सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, सांगायचं राहून गेलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षं ज्याला लोकांपासून लपवत फिरलो, त्याच्यासमोर मला तोंड लपवायला जागा मिळेना. उठलो, मेट्रन मॅडमच्या केबिनपर्यंत गेलो, काचेतून त्या आत दिसत होत्या, आणि तसाच गाडीत येऊन बसलो. केबिनमध्ये कागद असतो, कागदावर सही असते. त्यापेक्षा दमयंतीबायच्या घरी जाऊन चारचौघांच्या नकळत माफी मागितली की झालं, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला गेलो. दमयंतीबाय ओटीवर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत बसल्या होत्या. डावा गाल आत गेलेला, डावा डोळा अर्धा मिटलेला. त्या डोळ्यानं आता फक्त उजेड दिसतो म्हणाल्या. करंदी सोलून झाली की बोटांनी पुन्हा चाचपून बघत होत्या, साल राहिलं का. बळीराम आत खाटेवर होता, सून रेवा चुलीशी. मी इकडचं तिकडचं बोलायला लागलो. रस्ता फार खराब झालाय, एअरपोर्टच्या गाड्यांनी धूळ किती. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, धूळ सांगायला आलात काय?"

तेव्हा सांगितलं. की शपथ खोटी होती. की त्याच्या आईचं मनगट त्यानंच मोडलं. की तो आत असताना दार लावलं की बिथरतो, आणि हे मला गेटवर उभा असतानाही माहीत होतं.

दमयंतीबायचे हात थांबले. मला वाटलं होतं रडतील, किंवा म्हणतील, जाऊंद्या दादा. माफ करून घ्यायची केवढी घाई असते आपल्याला. त्यांना राग आला. बारा वर्षं मार खाऊन हसणाऱ्या बाईला आलेला राग मी पहिल्यांदा बघितला.

"महिना झाला," त्या म्हणाल्या, "रोज तेच आठवते मी. माझा पदर लागला का त्याला. ताट जोरात ठेवलं का. काय बोलले मी. घरात हे म्हणतात, उगाच कोण मारत नाय, तू काय केलंस? सून तोंडावर बोलत नाय, पन तिलाही तेच वाटतं. आन मी पन म्हटलं, मीच केलं असंल. एवढंच तर विचारलं व्हतं तुमाला. दुसरं काय मागितलं व्हतं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, बाय."

"मला नका सांगू. मला कळलं. आत सांगा." आणि त्यांनी हाक मारली. बळीराम बाहेर आला, रेवा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "सांगा यांना. जे आता बोललात ते."

परक्याच्या ओटीवर, एका सुनेसमोर, मी ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. बळीरामनं ऐकलं. माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं. बायकोकडे बघितलं, आणि खांबाला टेकून खाली बसला. महिनाभर तो काय काय बोलला असेल ते त्याचं त्यालाच आठवत असणार. रेवानं पुढे होऊन करंदीची परात उचलली आणि म्हणाली, "आई, ऱ्हाऊंदे, मी करते."

मला वाटलं, संपलं. लाज वाटली ती वाटली, पण छातीवरचं उतरलं. चप्पल शोधायला लागलो.

"दादा," दमयंतीबाय म्हणाल्या, "आता परेशला जेवण कोण देतं?"

"कोणीतरी नवीन पोरगी हाय. निशा नावाची."

"दोघं जातात ना आत?"

"दोघं जातात."

"दार लावून?"

मी चप्पलच शोधत राहिलो.

"तिला सांगितलंय दाराचं?"

बघा. माफी मागायला मी पाच आठवड्यांनी का होईना, कोळीवाडा गाठला होता. पण त्या वॉर्डात रोज दोनदा एक पोरगी ताट घेऊन आत जात होती, पाठीमागे दार लावत होती, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझी लाज माझ्यापुरतीच होती. फॉर्मवर अजून 'नाही'च लिहिलेलं होतं.

"औषधानं बरा हाय तो आता," मी म्हणालो.

"किती वाजले?"

"साडेबारा होऊन गेले."

"एक वाजता जेवण असतं. फोन लावा."

"बाय, मी संध्याकाळी जाऊन मॅडमला भेटतो. मनस्वीचं लग्न दीड महिन्यावर आलंय, बेलपाड्याची मानसं..."

"फोन लावा," त्या म्हणाल्या.

लावला. वॉर्डातल्या सिस्टरनं उचलला. मी म्हटलं, परेशचा बाप बोलतोय, एक सांगायचं राहिलंय. ती म्हणाली, जेवणाची गडबड आहे, लवकर सांगा. म्हटलं, तो आत असताना दार लावू नका. दार लागलं की तो मारतो. त्याच्या आईचा हात त्यानंच मोडलाय. दमयंतीबायना त्यामुळेच लागलं, त्यांनी काहीही केलेलं नाही. मग तिनं कोणाला तरी हाक मारली, निशा, थांब, आत जाऊ नकोस. मग मला म्हणाली, थांबा, लिहून घेते. पूर्ण नाव सांगा.

"काशिराम गोमा घरत."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षांपासून."

"मग भरती करताना का नाही सांगितलंत?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. म्हटलं, "लाज वाटली."

ती म्हणाली, "हे पण लिहू का?"

"लिहा," मी म्हणालो.